आमची वाटचाल : एका इंजिनाच्या भरवशावर

एका इंजिनाची छोटी खासगी विमानं तपासायची, दुरुस्त करायची, एवढाच आमचा धंदा. दोघांनी सुरू केला, आता सहा जण आहोत. हँगरमध्ये सगळ्यात जास्त येतं ते सेस्ना १७२, त्यामुळे आमची गोष्ट त्याच्याशिवाय सांगताच येत नाही.

आधीच्या १७० ला शेपटीखाली चाक होतं. त्याऐवजी नाकाखाली चाक आलं, ते १७२. पहिलं उड्डाण १९५५ चं, विक्री पुढच्या वर्षीपासून. उतरवायला इतकं सोपं, की शिकाऊ पायलटांनी ते उचलूनच धरलं. १९६८ च्या मॉडेलला कॉन्टिनेंटलचं सहा सिलिंडरचं इंजिन जाऊन लायकमिंगचं चार सिलिंडरचं, १५० अश्वशक्तीचं आलं. दोन सिलिंडर कमी म्हणजे आमचीही तेवढी उस्तवार कमी!

१९८६ मध्ये उत्पादन थांबलं. विमानात खोट नव्हती, पण कितीही जुनं विमान पडलं तरी नुकसानभरपाईचा दावा बनवणाऱ्यावर यायचा. १९९४ मध्ये अमेरिकेत कायदा होऊन त्याला १८ वर्षांची मर्यादा पडली, तेव्हा कुठे १९९६ मध्ये ते परत आलं. मधल्या काळात लोकांनी जुनीच विमानं जपली, आणि आमच्यासारख्यांची गरज तिथेच निर्माण झाली. नव्या १७२ मध्ये कार्ब्युरेटरऐवजी (हवेत इंधन मिसळणारा भाग) फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे इंधन फवारून सोडलं जातं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायची भीती गेली. गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही म्हणून फोन मात्र वाढले.

सुरुवातीला एक चूक महागात पडली. कित्येक महिने उभ्या असलेल्या विमानाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो ते तपासलं, एका सिलिंडरला ८० पैकी ५८ आलं. लगेच तो सिलिंडर काढला. आत सगळं ठणठणीत! थंड इंजिनावर तपासलं होतं, दुसरं काही नाही. मजुरी आम्हीच सोसली. आता आधी इंजिन गरम करतो. मग एकानं प्रोपेलर घट्ट धरायचा, दुसऱ्यानं सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान द्यायचा. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. आमची सगळ्यात धाकटी मेकॅनिक गेज बघायच्या आधीच सांगते.

हल्ली कॉकपिटमध्ये काट्यांच्या गोल मीटरांच्या जागी डिजिटल स्क्रीन आलेत. ते काम आम्ही घेत नाही, जाणकारांकडे पाठवतो.