कुंभारमाशीनं रविवार खाल्ला

जांबोटीच्या रानवाटांवर फिरवायला ठेवलेली माझी टू-स्ट्रोक गाडी आज सुरूच होईना. पावसाळाभर गोठ्याशेजारी झाकून ठेवली होती, तीच चूक. चाळीस किका मारून मांडी भरून आली.

जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, लिटरमागे २५ मिली ऑईल. स्पार्क प्लग काढला तर ओलाचिंब, काळा. सँडपेपरनं घासून इंजिनच्या हेडला टेकवून किक मारली, ठिणगी निळी, टचटचीत. म्हणजे करंट आहे, पेट्रोल येतंय, मग घोडं अडलंय कुठं? पेट्रोलचा कॉक बंद, प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण पिळून किका मारल्या नि क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतलं, जादा पेट्रोल उडवलं. परत तेच. एकदा फुसकन हसली नि गप्प.

शेवटी खानापूरच्या मेस्त्रीमामांना फोन लावला. "किका काय मारूलास उगंच? सायलेन्सरच्या भोकात बोट घाल बघू."

आत वाळलेली माती! कुंभारमाशीनं घर बांधलेलं, आत अळ्यांसकट. टू-स्ट्रोकचा जळका धूर बाहेर पडला नाही तर पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत शिरायला जागाच उरत नाही. मी मात्र दोन तास कार्बोरेटरला शिव्या घालत होतो.

तार घालून माती काढली. तिसऱ्या किकेला पेटली, अंगणभर निळा धूर, आणि आईची वाळत घातलेली कुरडई... ते सोडा.