कोड शून्य, फाइल अर्धी

नाशिक रोडजवळच्या जेल रोडच्या आमच्या घरात सकाळी साडेआठला दोन गोष्टी सुरू होतात. एक बाबांचा दुसरा चहा, दुसरी अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची रात्रीची बॅच, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणारी संगणकाची कामं. ती घरूनच सांभाळणं हे माझं काम. हिवाळ्यात तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या आणि आपल्या घड्याळात साडेदहा तासांचं अंतर असतं. तिथे रात्रीचे दहा वाजले की मेनफ्रेमवर, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, जॉब (ही कामं) पळायला लागतात. त्यांचं दिवसाचं ऑनलाइन कामकाज सकाळी सहाला सुरू व्हायच्या आत, म्हणजे आपल्या साडेचारपर्यंत, सगळं निस्तरलेलं हवं.

जानेवारीतला तो दिवस. अकराच्या सुमाराला ऑपरेटरचा निरोप आला, "दादा, रिजेक्टचा, म्हणजे नाकारलेल्या रेकॉर्डचा, रिपोर्ट एकदा बघा. संपतच नाहीये." रोज या रिपोर्टात दहा-वीस ओळी असतात. त्या दिवशी हजारोंनी पॉलिसी नंबर, आणि प्रत्येकापुढे फाइल स्टेटस २३. म्हणजे ही किल्ली (रेकॉर्ड शोधायचा नंबर) फाइलीत नाहीच. एका रात्रीत इतक्या पॉलिसी जातील कुठे?

पॉलिसींची ती फाइल व्हीसॅम या मेनफ्रेमच्या पद्धतीची, केएसडीएस प्रकारची, म्हणजे किल्लीवरून रेकॉर्ड सापडणारी. रोज रात्री आयडीकॅम्स या फाइली सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची एक स्टेप जुना क्लस्टर (म्हणजे ती फाइलच) डिलीट करते, नवा डिफाइन करते आणि साध्या फाइलीतले रेकॉर्ड रिप्रो या कॉपीच्या कमांडने त्यात ओतते. स्टेपचा कंडिशन कोड, म्हणजे काम कसं झालं ते सांगणारा आकडा, बघितला तर शून्य, म्हणजे सगळं ठीक. शून्य दिसला की माणूस पुढे जातो, मीही गेलो. तासभर पुढच्या कोबॉल प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसलो.

बाबा नोटा-स्टॅम्प छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिक रोडला 'प्रेस' म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. छापायला गेलेला कागद आणि बाहेर आलेला कागद, रद्दीसकट, जुळल्याशिवाय तिथे कुणी घरी जात नसे. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय रे, अडलंय का?" मी म्हटलं, "फाइल बरोबर भरली आहे, पण रेकॉर्ड सापडत नाहीत." ते म्हणाले, "बरोबर भरली हे कुणी मोजलं?"

मोजलं कुणीच नव्हतं. मोजायला काही लागतही नाही, आकडा आयडीकॅम्स स्वतःच छापतं. सिसप्रिंट, म्हणजे त्याने छापलेला अहवाल, उघडलं आणि खाली गेलो. 'डुप्लिकेट रेकॉर्ड' असा संदेश ओळीने चार वेळा, त्याखाली चुकांची मर्यादा संपल्याचा संदेश, मग प्रक्रिया झालेल्या रेकॉर्डची संख्या, आणि रिप्रो थांबल्याचा कोड १२. वेगळं सांगितलं नसेल तर रिप्रो चार चुका सहन करतं आणि काम सोडतं. फाइल साधारण एक चतुर्थांशच भरली होती.

मग वर शून्य आला कसा? डिलीट करायला क्लस्टरच नसेल तर कोड ८ येतो, म्हणून डिलीटच्या लगेच खाली 'सेट मॅक्ससीसी' शून्य, म्हणजे आतापर्यंतचा कोड पुसून शून्य कर, असं लिहायची पद्धत आहे. त्यात गैर काही नाही. इथे मात्र तीच ओळ रिप्रोच्याही खाली होती. बारा आला, तो पुसला गेला, जॉब ओळीने सोडणाऱ्या शेड्यूलरला सगळं आलबेल दिसलं. या कमांड लिहिलेला मेंबर (फाइल) कुणी बदललाय म्हणून बघितलं. शेवटचा सेव्ह करणारा आयडी माझाच. दोन वर्षांपूर्वी टेस्टला टाकलेली ओळ काढायची राहून तशीच प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या कामात, गेली होती. डुप्लिकेट रोज येत नसल्यामुळे ती इतके दिवस खपली.

डुप्लिकेट आले त्याचं कारण वेगळं. एका शाखेचे रेकॉर्ड काढून साध्या फाइलीत टाकणारा एक्स्ट्रॅक्ट जॉब अर्ध्यावर ॲबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, ऑपरेटरने तो पुन्हा चालवला, आणि आउटपुटवर 'डिस्प मॉड' (असलेल्या फाइलीच्या शेवटी जोड) असल्यामुळे नवे रेकॉर्ड जुन्यांच्या शेपटाला चिकटले. सॉर्टनंतर, म्हणजे रेकॉर्ड क्रमाने लावल्यावर, ते जोडीजोडीने समोर आले.

सॉर्टलाच सांगून जोडीतला एक गाळता आला असता, दहा मिनिटांचं काम. मला ते पटलं नाही. ठेवलेला रेकॉर्ड अर्धवट पळालेल्या जॉबचा की पुऱ्या, हे नंतर कोण सांगणार? म्हणून एक्स्ट्रॅक्ट कोऱ्या फाइलीत नव्याने काढला. पुढच्या जॉबनी हात लावलेल्या फाइली बॅचच्या आधीच्या बॅकअपवरून परत आणल्या. माझी ती ओळ उडवली आणि सगळं पुन्हा सोडलं. या वेळी रिप्रोचा आकडा इनपुटच्या मोजणीशी आधी कागदावर ताडून बघितला, मगच पुढचा जॉब सोडला. तीन पन्नासला संपलं. जेवण राहिलंच होतं. आईने ताटावर ताट झाकून ठेवलं होतं, भाकरी पार कडक झालेली.

संध्याकाळी घटनेचा फॉर्म भरला. आता त्या स्टेपनंतर इनपुट आणि व्हीसॅम दोन्ही मोजणारी एक स्टेप आहे, आकडे जुळले नाहीत तर जॉब तिथेच थांबतो, हे लिहिलं. 'मूळ कारण' या रकान्यात माझा आयडी आणि बदलाची तारीख टाकली. रात्री पुण्याहून सरांचा फोन आला, "अरे, नुसतं 'मानवी चूक' लिहिलं असतंस तरी चाललं असतं."