ब्रेक घरीच उघडता? भीती नाही वाटत?

पार्किंगमध्ये माझ्या मारुती झेनचं पुढचं चाक काढून बसले, की कुणी ना कुणी थांबतंच. "ताई, ब्रेक घरी उघडता? भीती नाही वाटत?" हवा भरण्यापलीकडे गाडीला हात न लावणारे विचारतात, तसेच गॅरेजमध्ये आयुष्य गेलेलेही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: वाटते. म्हणूनच घरी उघडते.

जाम ब्रेक म्हणजे न लागणारा ब्रेक, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो लागतो छान, सुटत नाही. पेडलवरून पाय काढला तरी ब्रेकचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासतच राहतात. सपाट रस्त्यावर गाडी जरा जड वाटते, एका बाजूला ओढते, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि थांबल्यावर एका चाकापाशी जळका वास येतो. एवढ्यावर निभावतं म्हणून लोक महिनोन् महिने तशीच चालवतात. पण सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताय असं धरा. आधीच तापलेल्या ब्रेकवर आख्खा घाट. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश लागतो, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल सरळ तळाला. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा हे सगळेच सांगतात, आणि बरोबरच आहे. पण चिकटलेला कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, गिअर बघून सुटत नाही.

आता घरी का, ते. मेकॅनिक वाईट असतो असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे वेळ नसतो. दारात गाड्यांची रांग लागलेली, त्यात तो माझ्या कॅलिपरच्या चरातली घाण किती वेळ कोरणार? एका गॅरेजमध्ये मी उभी राहून पाहिलंय: कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन स्क्रू ड्रायव्हरने मागे ढकलला, बाहेर दिसणारा गंज पॉलिश पेपरने घासला, हाताला लागलं ते ग्रीस फासलं, झालं. पिस्टनवर क्रोमचा पातळ थर असतो. तो पॉलिश पेपरने गेला की पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट जोमाने येतो. आणि साधं ग्रीस ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं. म्हणजे दुरुस्तीतच पुढच्या बिघाडाची सोय.

माझी झेन १९९९ची. हे मॉडेल २००६ मध्ये बंद झालं, तरी कॅलिपरचं किट अजून मिळतं. नाशिकच्या मुंबई नाक्याकडचा स्पेअरवाला न विचारता काउंटरवर ठेवतो. सील, पिस्टनवरचा डस्ट बूट, पिनांचे बूट. सगळं मिळून मूठभर रबर.

पण किट आणण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते शोधायचं, आणि हे काम कॅलिपर उघडण्यापेक्षा महत्त्वाचं. ब्रेकने चाक धरून ठेवलेलं असताना कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायचं छोटं तोंड, जरासं सैल करायचं. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकला होता. मग कॅलिपरला दोष देऊन उपयोग नाही. नळी किंवा पेडलचा दाब ऑइलला देणारा वरचा मास्टर सिलिंडर बघायचा. जुनी रबरी नळी बाहेरून चांगली दिसते, आतून सुजून बंद झालेली असते. पाय दाबला की ऑइल जोराने पुढे जातं, परत मात्र येत नाही. नळीच्या आधीचा, लोखंडी पाइपचा नट सैल करून बघायचा. तिथे दाब सुटला आणि चाक फिरलं तर मास्टर सिलिंडर, तरीही चाक धरूनच राहिलं तर नळी. निपल सोडूनही चाक जराही हललं नसेल, तरच पिस्टन किंवा पिना. हे न करता किट बदलणारे लोक किटला नावं ठेवतात.

पिनांचं काम सोपं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकलेल्या असतात. पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं की सुटतात. खरी मेहनत पिस्टनची. गाडी नुसत्या जॅकवर ठेवत नाही, खाली स्टँड, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक वर. पॅड काढून कॅलिपर तारेने टांगायचा, समोर लाकडाचा ठोकळा धरायचा आणि पेडल हळूहळू मारत पिस्टन बाहेर आणायचा. बोटं मध्ये नकोत. कॉम्प्रेसरच्या हवेने काढणारे पाहिलेत. पिस्टन सुसाट उडतो. एका वेळी एकच बाजू.

पिस्टन निघाला की कळतं घाण कुठे बसली होती. कॅलिपरच्या आत एक चर असतो, त्यात चौकोनी कापाचं सील. पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग डिस्क ब्रेकमध्ये नसते, ते काम हेच सील करतं. दाबाने पिस्टन पुढे सरकतो तेव्हा सील पिळलं जातं, दाब गेला की रबर बँडसारखं मूळ जागी येतं आणि पिस्टनला केसभर मागे आणतं. त्या केसभराच्या अंतरावर चाक मोकळं फिरतं. चरात गंजाची पूड साचली की सील खालून उचललं जातं आणि पिस्टनला आवळून धरतं. बाहेरून कितीही घासा, हा चर साफ झाल्याशिवाय ब्रेक सुटत नाही. मी बांबूची काडी टोकदार करून कोरते. लोखंडी टोकाने चराला ओरखडा गेला तर ऑइल झिरपायला वाट होते. धुवायला ब्रेक क्लीनर. रॉकेल-पेट्रोल त्या रबराच्या जवळपासही आणत नाही. पिस्टनवर खड्डे दिसले तर पिस्टनच नवा. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलने ओलं करून बोटानेच बसवायचं, आणि पिस्टन हाताच्या दाबाने सरळ आत जायला हवा. तिरका गेला तर काढून पुन्हा. हातोडी मागण्याची वेळ आली तर काहीतरी चुकतंय.

ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायला दुसरं माणूस लागतं. आमच्याकडे ते काम सासूबाईंचं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. मी खालून म्हणते, "दाबा आई." वरून उत्तर येतं, "दाबलं." निपल उघडायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, बंद करायचा. "सोडा." एकदा त्यांनी फोन आल्यावर पाय मध्येच काढला, तेव्हापासून फोन माझ्या खिशात असतो. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर वरून नवी हवा शिरते. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं, सांडलं तर लगेच पाणी ओतायचं. उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवत नाही.

पैसे वाचतात का, हाही प्रश्न असतोच. फारसे नाहीत. शिवाय सासूबाईंची मजुरी ठरलेली: मिसळ. आधी मी एकटी गाडी काढते, मोकळ्या गल्लीत हळू चालवून पुन्हा पुन्हा थांबवते, मग त्यांना घेऊन निघते. मिसळीच्या हॉटेलापाशी त्या आत जाऊन जागा धरतात, मी पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघते. एक जास्त तापलेलं असेल तर मिसळ खाऊन हळूहळू घरी यायचं आणि पुन्हा जॅक लावायचा.