हिरड्या, जंतू आणि अर्धवट गोळ्या

परवा सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाताना आईच्या हिरडीतून रक्त आलं, तर म्हणे "अगं तेच ते, मागच्या वेळच्या चार कॅप्सूल उरल्यात, घेते." म्हटलं आई थांब!! आमच्या इंदूरच्या घराघरात हेच, एका डब्यात क्रोसिनशेजारी अर्धी संपलेली अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची पट्टी असतेच.

डेंटिस्टनी नीट समजावलं. हिरडीखालचे जंतू एकेकटे फिरत नाहीत, प्लाकच्या चिकट थरात वस्ती करून राहतात, त्याला बायोफिल्म म्हणायचं, आणि तिथे औषध पोचायलाच मारामार, मोकळ्या जंतूपेक्षा कधीकधी शेकडो पट जास्त डोस लागतो. वर प्रेव्होटेला नावाच्या जंतूंचे काही प्रकार बीटा-लॅक्टमेज बनवतात, ते एन्झाइम अमॉक्सिसिलिनच तोडून टाकतं. आणि हे जंतू रेझिस्टन्सचे, म्हणजे औषधाला दाद न देण्याचे, जीन शेजारच्या जंतूंना देतातही, वाटीभर साखर द्यावी तसे 😅

गंमत म्हणजे मेट्रोनिडाझोल नावाचं औषध ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या असल्या जंतूंवर चालतं हे कळलं तेच हिरड्यांमुळे, 1962 मध्ये, औषध दिलं होतं दुसऱ्याच इन्फेक्शनसाठी आणि त्या पेशंट बाईंच्या हिरड्याही बऱ्या झाल्या.

म्हणून आधी स्केलिंग, मुळापर्यंत सफाई, थर खरवडून काढायचा. अँटिबायोटिक सगळ्यांना लागतच नाही, लागलं तर डॉक्टर ठरवतील. 2014 पासून बरीच अँटिबायोटिक्स शेड्यूल एच1 या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पण कोपऱ्यावरचा मेडिकलवाला "भाभीजी, कौनसी दूँ?" एवढंच विचारतो.

आईचं स्केलिंग गुरुवारी आहे. कॅप्सूल मी लपवल्यात.