तक्ता पूर्ण वाचता आला, तरीही

नागपूर, शनिवार रात्र

नसेला सूज येऊन अंधुक झालेल्या उजव्या डोळ्याने आज तक्त्यावरची ६/६ ची, म्हणजे निकोप नजरेची, ओळ न अडखळता वाचली. घरी येताच सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि ह्यांनी धाकट्या दिरांना फोन करून ‘डोळा पूर्ण बरा झाला’ असे कळवूनही टाकले. त्यांच्या आनंदात मी मोडता घातला नाही; परंतु जे अजून परत आलेले नाही ते या वहीत नीट नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘थोडे अंधुक वाटते’ यापलीकडे शब्द सुचत नाहीत.

तक्त्यावरची अक्षरे ठळक काळी आणि मागचा फलक लख्ख पांढरा असतो, त्यामुळे तो केवळ नजरेची तीक्ष्णता मोजतो. त्यानंतर डॉक्टरांनी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीचे लाल टोपण आधी डाव्या आणि मग उजव्या डोळ्यापुढे धरले आणि विचारले, “डाव्या डोळ्याचा लाल शंभर रुपयांचा धरला, तर उजव्याचा किती रुपयांचा?” डाव्या डोळ्याला ते टोपण ओल्या कुंकवासारखे दिसत होते, तर उजव्याला उन्हात विटलेल्या विटकरी रंगाचे. मी साठ म्हणाले. ही चाळीस रुपयांची तूट ६/६ या आकड्यात कोठेच दिसत नाही.

दृष्टीचे संदेश मेंदूकडे नेणारी ही नस डोळ्यातून निघत असली तरी ती मेंदूचाच विस्तार आहे. तिच्यात दहा-बारा लाख तंतू असतात आणि त्यांच्यावरचे मायलिनचे आवरण मेंदूतल्यासारख्याच पेशी तयार करतात. म्हणूनच मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती त्या आवरणावर उलटते तेव्हा अनेकांना पहिली चाहूल डोळ्यातच लागते. मलाही तशीच लागली. आधी बुबुळ फिरवताना आत खोल ठणका, आणि मग दोन-तीन दिवसांत नजरेच्या मधोमध पसरत गेलेला राखाडी डाग. सूज डोळ्याच्या मागे असल्यामुळे आतून पाहणाऱ्या डॉक्टरांना पडदा स्वच्छच दिसला, परंतु टॉर्च डाव्या डोळ्यावरून उजव्यावर नेताच बाहुली आकसण्याऐवजी मोठी झाली आणि दोष नसेचा आहे हे तेथेच कळले. पुढे एमआरआय, पाठीतले पाणी आणि रक्तातल्या अँटीबॉडी या तपासण्यांनी निदान पक्के केले. त्याविषयी आज लिहीत नाही.

सूज ओसरली की दृष्टी परतते, पण आवरण पूर्ववत होईलच असे नाही, आणि त्यामुळे संदेश पोहोचतो तो उशिरा. चौकटींच्या पटाकडे पाहायला लावून, डोळ्याचा संदेश मेंदूपर्यंत किती वेळात पोहोचतो हे मोजणाऱ्या व्हीईपी तपासणीत एरवी सुमारे १०० मिलिसेकंदांवर येणारे शिखर माझ्या उजव्या डोळ्याच्या आलेखात बरेच पुढे सरकलेले आहे. त्याचा अर्थ मला दुपारी भाची झोपाळ्यावर बसली तेव्हा उमगला. मी बाजूच्या खुर्चीतून पाहत होते. झोपाळा सरळ मागेपुढे जात असताना मला मात्र तो लंबगोल फिरत माझ्याकडे येतो आणि मग दूर जातो असे दिसत होते. दोन डोळ्यांचे संदेश वेगवेगळ्या वेळी पोहोचले की मेंदू त्या फरकातून खोली कल्पितो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल पुलफ्रिख यांनी १९२२ मध्ये याचे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले, आणि ते स्वतः एका डोळ्याने अंध असल्यामुळे हा भास त्यांना कधीच दिसणे शक्य नव्हते!

दुसरी गोष्ट उष्म्याची, आणि मे महिन्यात नागपुरात राहून ती टाळता येत नाही. भाकऱ्या थापून होईस्तोवर उजव्या डोळ्यापुढे धुके जमते. कूलरसमोर बसून गार पाणी प्यायले की ते विरते. विल्हेल्म ऊथॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतरचा असा तात्पुरता अंधुकपणा नोंदवला, आणि त्यामागे शरीराचे वाढलेले तापमान असते हे पुढे स्पष्ट झाले. हा नवा झटका नव्हे, हे सासूबाईंना समजावणे मात्र मला अजून जमलेले नाही.

दिरांनी फोनवर विचारलेच की सलाइनमधून स्टेरॉइड घेण्याऐवजी गोळ्यांवर भागले नसते का. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत शिरेतून दिलेल्या औषधाने दृष्टी लवकर परतली, जरी वर्षाअखेरचा फरक फारसा उरला नाही; उलट नेहमीच्या मात्रेतल्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत दुखणे अधिक वेळा उलटले. एवढे सांगितल्यावर ते गप्प झाले, पण त्यांना ते पटले असे काही मला वाटले नाही.

पुढच्या भेटीत फिक्या करड्या अक्षरांच्या तक्त्यावर तपासणी करून घ्यायची आहे, आणि नसेचे तंतू किती विरळ झाले ते पाहण्यासाठी ओसीटी या डोळ्याच्या पडद्याचे थर मोजणाऱ्या तपासणीबद्दलही विचारायचे आहे. तोपर्यंत तिन्हीसांजेला रंग न दिलेला गतिरोधक रस्त्यातून वेगळा ओळखू येत नाही, म्हणून स्कूटर मुलगाच चालवील.