खूण तीच, पण वाचतंय कोण?

"असिटाइल लागलं की जीन चालू, मिथाइल लागलं की बंद" हे हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीन्स) रासायनिक खुणांबद्दलचं वाक्य नोट्समधून काही केल्या जाईना आणि खरं सांगायचं तर ते अर्धवट आहे. असिटाइलचं एकवेळ ठीक, हिस्टोनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाचा धन प्रभार जातो म्हणून डीएनएवरची पकड जरा सैल पडते (शिवाय ब्रोमोडोमेन, म्हणजे काही प्रोटीन्समधले असिटाइल ओळखणारे भाग, येऊन ते वाचतात ते वेगळंच). पण मिथाइल एक लावा नाहीतर तीन, लायसिनचा चार्ज आहे तसाच राहतो. मग पुढे जे होतं ते बरचसं तिथे कोणतं प्रोटीन येऊन बसतं त्यावर.

एच३ या हिस्टोनची बाहेर आलेली शेपटी घ्या. ४ नंबरच्या लायसिनवर तीन मिथाइल असले की टीएएफ३ या प्रोटीनचं पीएचडी फिंगर (खूण वाचणारा भाग, डिग्रीशी काही संबंध नाही) तिथे चिकटतं आणि ट्रान्सक्रिप्शन (जीनची आरएनए प्रत काढणं) सुरू व्हायला मदत होते. तेच तीन मिथाइल ९ नंबरवर असले की एचपी१ या प्रोटीनचा क्रोमोडोमेन (मिथाइल वाचणारा भाग) येतो आणि क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोनची गुंडाळी) घट्ट होऊन जीन गप्प.

हा क्रोमोडोमेन पकडतो कसा ते बघण्यासारखं आहे. फळमाशीच्या एचपी१ मध्ये दोन टायरोसिन आणि एक ट्रिप्टोफॅन (रिंग असलेली अमिनो आम्लं) मिळून पिंजरा करतात, लायसिनचं मिथाइलवालं टोक आत शिरतं आणि रिंगांमधले इलेक्ट्रॉन त्या धन प्रभाराला धरून ठेवतात. पण खरी गोची पुढे आहे, ९ आणि २७ या दोन्ही लायसिनच्या आजूबाजूला क्रम सारखाच, अ‍ॅलानिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन, आणि २७ वाचणाऱ्या पॉलीकोम्ब या प्रोटीनचा पिंजराही जवळपास असाच, मग घोळ कसा होत नाही? तर पॉलीकोम्ब त्या चार अमिनो आम्लांच्या आधीचा शेपटीचा बराच लांब भागही धरतो, फरक तिथे पडतो. म्हणजे नुसती खूण नाही, शेजारपाजारही वाचला जातो. मायटोसिसमध्ये (पेशी विभागताना) ऑरोरा बी हे एन्झाइम शेजारच्या १० नंबरच्या सेरिनवर फॉस्फेट लावतं, तेव्हा ९ वरचे मिथाइल जागेवर असूनही एचपी१ सुटून जातो!

ही पकड एकेकटी तशी कमजोरच असते, म्हणून बीपीटीएफ सारखी प्रोटीन्स पीएचडी फिंगर आणि ब्रोमोडोमेन दोन्ही बाळगतात आणि एकाच न्यूक्लिओसोमवर (हिस्टोनच्या एका गठ्ठ्याभोवती गुंडाळलेला डीएनए) एच३ चं मिथाइल आणि एच४ या दुसऱ्या हिस्टोनचं असिटाइल एकदम धरतात.

आणि ज्यांना अजून वाटतं की खूण असली तरच वाचायला काहीतरी असतं, त्यांनी एआयआरई हे प्रोटीन बघावं. त्याचं पीएचडी फिंगर ४ नंबरचा लायसिन कोरा असेल तरच नीट बसतं, तीन मिथाइल लागले की जवळजवळ बसतच नाही.