तुम्ही विचारलंत म्हणून: रडलं की मोबाइल

कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते म्हटलं, की लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी एसटीच्या रांगेतही एक प्रश्न ठरलेला. "आमचा बाळ्या मोबाइलसाठी भोकाड पसरतो. काय करू?" आणि पाठोपाठ, जरा घाईघाईने, "तसा आम्ही क्वचितच देतो हो!"

गोम त्या 'क्वचितच'मध्येच आहे.

अशा वेळी लोकांना पावलॉवचा कुत्रा आठवतो, खाण्याआधीचा ठरावीक आवाज नुसता ऐकला तरी तोंडाला पाणी सुटणारा. इथे त्याचा फारसा उपयोग नाही. तोंडाला पाणी सुटणं कुत्र्याच्या हातात नव्हतं. बाळ्याचं भोकाड बरंचसं बाळ्याच्या हातात आहे. एखादी गोष्ट केल्यावर पुढे काय मिळतं, यावरून ती पुन्हा करायची की नाही हे ठरतं. पुस्तकात याला साधक अभिसंधान म्हणतात आणि हा प्रांत स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा.

स्किनरच्या पेटीतल्या उंदराने दांडी दाबली की खाण्याची गोळी पडायची. या गोळ्या स्किनर स्वतःच यंत्रावर पाडायचा. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं, की शिल्लक गोळ्या सोमवार सकाळपर्यंत संपणार. सुटीचा दिवस गोळ्या पाडण्यात कोण घालवणार? मग त्याने ठरवलं, दर वेळी नाही, मिनिटाला एकच गोळी द्यायची. उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढच्या प्रयोगांतून हेही दिसलं, की ज्या वर्तनाला अधूनमधूनच फळ मिळतं ते, फळ पार बंद झाल्यावरही, जास्त चिवटपणे टिकतं. (हा शोध कंटाळ्यातून लागला असं मी वर्गात सांगते, तेव्हा मागचे बाकही जागे होतात.)

आता बाळ्याकडे या. रडल्यावर दर वेळी मोबाइल मिळत असता, तर तो बंद झाल्याचं त्याला लवकर कळलं असतं. पण नऊ वेळा 'नाही' आणि दहाव्यांदा 'घे बाबा एकदाचा' असं असेल, तर त्याने अकराव्यांदा रडणं का सोडावं?

बरं, तुम्ही मनावर घेऊन देणं थांबवलंत, तर सुरुवातीला रडणं बहुधा वाढतं. जुनी युक्ती चालेना, की मूल तीच जास्त जोर लावून करून बघतं. नेमक्या इथेच आईबाप हात टेकतात. मग साध्या रडण्याने नाही, पण जमिनीवर लोळल्यावर मिळतं, हे बाळ्या शिकतो. (भुकेचं, दुखण्याचं, भीतीचं रडणं वेगळं, त्याकडे काणाडोळा करायचा नाही.)

शिकतोय तो एकटाच नाही. मोबाइल हातात पडला की घर शांत होतं. नकोशी गोष्ट टळली म्हणून ती टाळणारी कृती बळावते, हे ऋण प्रबलन. माझे निम्मे विद्यार्थी परीक्षेत त्याला शिक्षा म्हणतात आणि मार्क घालवतात. थोडक्यात, बाळ्यानेही तुम्हाला वळण लावलंय.

"मग एक ठेवून द्यावी का?" हा पुढचा प्रश्न. इथे स्किनर सोडून बांडुराकडे, म्हणजे बघून शिकण्यावर प्रयोग करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे, जावं लागतं. १९६५च्या प्रयोगात त्याने मुलांना फिल्म दाखवली. तिच्यात एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवतो. काही मुलांच्या फिल्ममध्ये त्याला शेवटी शाबासकी मिळत होती, काहींच्यात बोलणी बसत होती. बोलणी बसताना पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर "काय पाहिलंस ते करून दाखव, खाऊ देते" म्हटल्यावर तो फरक उरला नाही. मारणं सगळ्यांनीच शिकून घेतलं होतं. काहींनी ते फक्त दाखवलं नव्हतं. तुमच्या चापटीचंही तसंच: मूल त्यातून मारणं शिकतं, लगेच दाखवलं नाही तरी.

तेव्हा मोबाइल द्यायचाच असेल तर रडण्याआधी, वेळ ठरवून द्या. एकदा 'नाही' म्हटलंत की नाहीच, आणि हे घरातल्या सगळ्यांचं एकच हवं. आता आजोबांना कोण समजावणार, हे मला विचारू नका. आमच्याकडेही ते अजून जमलेलं नाही.